रांगेत उभं राहून फुटबॉल येत नाही

सकाळी सहा-साडेसहाला सोलापुरातल्या मैदानांवर एक चक्कर मारा, एक गोष्ट हमखास दिसते. दहा-बारा पोरं एका रांगेत उभी, समोर प्लास्टिकचे आठ कोन (शंकू) लावलेले, पहिलं पोरगं कोनमधनं नागमोडी बॉल नेतं, शेवटी गोलवर एक शॉट मारतं, बॉल आणायला पळतं आणि परत रांगेच्या टोकाला जाऊन उभं राहतं. कोचच्या गळ्यात शिट्टी, पोरांच्या अंगावर एकसारखे टीशर्ट, बघणाऱ्या पालकांना वाटतं काय शिस्त आहे. शिस्त आहेच, त्याबद्दल वाद नाही, पण फुटबॉल त्यात फार कमी आहे आणि हे मी आता प्रत्येक नवीन कोचला अगदी कळकळीने सांगत असतो म्हणून इथं एकदा सविस्तर लिहून टाकतो.

साधा हिशोब करा. बारा पोरं, एका पोराला कोनमधनं जाऊन शॉट मारायला धरा दहा सेकंद. म्हणजे एकाचा नंबर परत यायला दोन मिनिटं. वीस मिनिटं हे ड्रिल चाललं तर एका पोराला दहा वेळा बॉल मिळाला, एकूण शंभर सेकंद. बाकीची अठरा मिनिटं ते पोरगं पुढच्याच्या पाठीकडं बघत उभं. आणि त्या शंभर सेकंदात पण त्याला डोकं लावायची गरज पडलेली नाही, कारण कुठं जायचं हे कोनने आधीच ठरवलंय. कोन पाय घालत नाही, कोन हलत नाही, कोन पासची लाईन बंद करत नाही. मॅचमध्ये समोरचा पोरगा हे तिन्ही करतो. मग पोरगं गोंधळतं आणि आपण बाहेरून ओरडतो, अरे सरावात तर भारी करत होतास की.

कोन नकोच असं म्हणत नाही मी. सात-आठ वर्षाच्या पोराला बॉलची ओळख व्हायला, दोन्ही पाय वापरायची सवय लागायला थोडा वेळ कोन चालतात, वॉर्मअपला पण चालतात. पण प्रत्येकाच्या पायात बॉल पाहिजे आणि रांग नको. आणि वॉर्मअप संपला की माझ्याकडं एकच नियम आहे, ड्रिल कुठलंही असू दे, समोर कोणीतरी बॉल हिसकवायला आलंच पाहिजे.

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कामाचं म्हणजे रोंडो. टीव्हीवर मॅचआधी मोठ्या टीम रिंगण करून खेळतात ना, मधे एक-दोघं बॉलमागं धावतात, तेच. योहान क्रायफ १९८८ ला स्पेनच्या बार्सिलोना क्लबचा कोच झाला आणि त्याने हा प्रकार तिथल्या सरावाचा कणा करून टाकला, आज जगभर करतात. पण आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी तो टाइमपास म्हणून चालतो, पोरं रिंगण करून उभी राहतात, कोच फोनवर बोलतो, मधल्याला पळवून पळवून दमवतात आणि हसतात. नीट करायचा असेल तर आधी जागा ठरवा. नवीन पोरांना चार बाहेर एक आत, चौकोनाची एक बाजू साधारण दहा पावलं. जमायला लागलं की पाच बाहेर दोन आत, जागा तेवढीच. आधी एकाने बॉलला टच कितीही करावेत, मग दोनच टच. ज्याच्याकडून बॉल गेला तो आत. आणि आतल्याने बॉल जिंकला की तिथं खेळ थांबवायचा नाही, त्याने बॉल चौकोनाच्या बाहेर घेऊन जायचा, बाकीच्यांनी त्याला अडवायचं. एवढ्या एका बदलाने रोंडोची मॅच होते, कारण बॉल गेल्यावर लगेच काय करायचं हे पण त्यातच शिकून होतं.

आणि कोचने त्या वेळी पाय बघायचे नाहीत. मान बघायची.

आमच्याकडं एक राइट मिडफिल्डर आहे, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडं खेळणारा, अशोक चौकाकडून सायकलवर येतो, पायात जादू असलेला पोरगा. पण बॉल आला की छाती बॉलकडं, दोन्ही पाय सरळ, पास देणाऱ्याला तोंड करून उभा, आणि मग शंभरातल्या नव्वद वेळा बॉल ज्याने दिला त्यालाच परत. मागं अख्खं मैदान मोकळं पडलेलं असायचं. मी विचारलं, काय बे, मागं कोण हाय? म्हणतो, म्हायती नाय सर, बॉलकडं बघायलो होतो. बरोबरच आहे, त्याला लहानपणापासून सगळ्यांनी हेच सांगितलेलं, बॉलवर नजर ठेव, बॉलवर नजर ठेव.

मग मी एक केलं. त्याच्या मागं आठ-दहा पावलांवर दुसऱ्या पोराला उभं केलं, समोरून तिसरा पास देणार. मागचा हाताची बोटं वर करणार, कधी दोन, कधी चार, मधेच बदलणार. बॉल पायाला लागायच्या आत याने आकडा ओरडायचा. पहिल्या दिवशी त्याने आकडा बरोबर सांगितला की बॉल निसटायचा आणि बॉल धरला की आकडा चुकायचा. चिडला पण. मग हळूहळू त्याचं शरीरच बदललं, तो आपोआप तिरका उभा राहायला लागला, एक खांदा पास देणाऱ्याकडं, एक खांदा मागच्या मैदानाकडं, आणि बॉल जवळच्या पायाऐवजी लांबच्या पायाने घ्यायला लागला. लांबच्या पायाने घेतला की पहिल्याच टचला तोंड पुढं होतं, वळायला वेगळा टच लागत नाही. हे मी त्याला शब्दात समजावत बसलो असतो तर महिना गेला असता. आकडा ओरडायचा म्हटल्यावर शरीराने स्वतःच वाट काढली. आणि मग मागच्याच्या जागी खरा डिफेंडर आणला, त्याला मुभा दिली की वाटलं तर अंगावर ये, वाटलं तर मागं थांब. आला तर बॉल परत, नाही आला तर वळायचं. आता त्या पोराला ठरवायला लागलं, आणि सगळा खेळ तिथंच आहे.

त्याचे वडील पॉवरलूमवर आहेत. एक दिवस त्यानेच सांगितलं, सर, पप्पा एका मागावर काम करताना पण दुसऱ्या मागावर धागा तुटला तर त्यांना कळतं की, तसंच हाय हे. याहून चांगलं मला सुद्धा सांगता आलं नसतं.

नॉर्वेचा गेर योरडेट म्हणून संशोधक आहे, त्याने इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या मिडफिल्डरांचं हेच मोजलंय, बॉल यायच्या आधी कोण किती वेळा मान वळवून बघतो. जे जास्त बघतात त्यांचे पुढं दिलेले पास जास्त लागतात. फ्रँक लॅम्पार्ड त्यात एकदम वरचा. मी पोरांना त्याचा व्हिडिओ दाखवला, बॉल कुठं आहे ते सोडा, फक्त याचं डोकं बघा म्हटलं, पोरं थक्क झाली, सर हा तर सारखा इकडंतिकडंच बघायलाय.

आता काही कोच म्हणतात, हे सगळं गवतावर ठीक, आपल्या मैदानांवर कसं व्हायचं. आपल्याकडं काळी माती, उन्हाळ्यात तडकून दगड झालेली, काही ठिकाणी मुरूम टाकलेला, बॉल सरळ येता येता मधेच उडतो आणि गुडघ्यावर लागतो. पावसाळ्यात तीच माती बुटाला चिकटून प्रत्येक पाय किलोभर जड. म्हणून लांब मारा, मागनं पळा, हाच आपला खेळ असं त्यांचं मत. मला हे अजिबात पटत नाही. उलट असं बघा, गवतावर बॉल सरळ येतो, त्यामुळं तो वाटेत असताना सुद्धा तिथला पोरगा एकदा मान वर करून बघू शकतो. आपल्याकडं शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये बॉल काय करेल सांगता येत नाही, तिथं नजर बॉलवर ठेवावीच लागते. म्हणजे आपल्या पोराने त्याच्या आधी बघून घेतलं पाहिजे, बॉल अजून पास देणाऱ्याच्या पायाशी आहे तेव्हा. एकदा बघ, पास निघताना अजून एकदा बघ, मग नजर बॉलवर. मैदान जेवढं वाईट तेवढं लवकर बघायला लागतं. आणि आपल्या मैदानावर बॉल धरायला शिकलेलं पोरगं टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, गेलं की त्याला बॉल हाताने दिल्यासारखा वाटतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता टॅक्टिक्स. हा शब्द आला की पोरांचा पहिला प्रश्न, सर आपण चार-तीन-तीन खेळायचं का चार-चार-दोन, म्हणजे मागं, मधे, पुढं किती जण? मोबाईलवरच्या गेममध्ये तेच निवडायचं असतं ना. मी त्यांना सांगतो, आकडे नंतर. आधी सांग, बॉल आपल्याकडं आहे का त्यांच्याकडं, का आत्ताच आपल्याकडं आला, का आत्ताच आपल्याकडून गेला. या चार वेळांना तू कुठं पाहिजेस हे कळलं की आकडे कुठलेही मांड, चालतं. हे नाही कळलं तर कागदावर कितीही भारी मांडणी करा, शिट्टी वाजली की पाच मिनिटात दहाच्या दहा पोरं बॉलभोवती.

बॉल त्यांच्याकडं असताना मी तीन जागा शिकवतो, पहिला, दुसरा, तिसरा. बॉलच्या सगळ्यात जवळचा तो पहिला, त्याने वेगात जायचं पण शेवटच्या तीन पावलात वेग कमी, तिरकं उभं राहायचं आणि समोरच्याला मैदानाच्या बाजूच्या लाईनकडं ढकलायचं, पाय घालायची घाई नको. दुसरा त्याच्या मागं चार-पाच पावलांवर, तिरका, पहिला चुकला तर हा तयार. आणि तिसरा जो लांबच्या बाजूला आहे त्याने स्वतःचा माणूस सोडून आत यायचं. इथं प्रत्येक पोरगं अडतं. सर माझा माणूस मोकळा राहतोय की! मोकळा राहू दे. त्याच्याकडं बॉल जायचा तर मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हवेतून जायला लागणार, तेवढ्या वेळात तू पोचतोस. पण मधली जागा मोकळी सोडलीस तर तिथं बॉल एका सेकंदात येतो आणि मग समोर फक्त आपला कीपर. हे पटायला वेळ लागतो म्हणून तीन विरुद्ध तीन खेळवतो, मधेच शिट्टी मारतो आणि सगळ्यांनी आहे तिथं पुतळा व्हायचं. मग फक्त तिसऱ्याला विचारायचं, तू कुठं आहेस आणि का. बाकीच्यांनी बघायचं. सारखी सारखी शिट्टी मारू नका पण, खेळ तुटला की पोरांचं मन उडतं.

याच्या उलट, बॉल आपल्याकडं असताना मला सगळ्यात आवडणारा खेळ म्हणजे चार गोलचा. चार विरुद्ध चार, प्रत्येक बाजूला दोन छोटे गोल, दोन्ही कोपऱ्यात एक-एक, विटांचे नाहीतर चपलांचे. दोन्हीपैकी कुठल्याही गोलमध्ये मारा. होतं काय की बचाव करणारी चार पोरं बॉलच्या बाजूला गोळा होतात आणि पलीकडचा गोल उघडा पडतो. सुरुवातीला पोरं डोकं खाली घालून गर्दीतच घुसतात. मग कोणीतरी एकजण थांबतो, मागं वळतो, मागच्याला देतो, तो पलीकडं देतो आणि गोल. तुम्ही काही बोलायचंच नाही. बाजू बदलणे या विषयावर मी तासभर भाषण दिलं तरी जे होणार नाही ते चपलांच्या दोन गोलनी होतं. जानेवारीत गड्ड्याच्या वेळी होम मैदान यात्रेचं असतं, पाळणे-बिळणे लागतात, तिथं खेळणाऱ्या सगळ्या टीम दुसरीकडं जागा शोधतात आणि आहे त्या मैदानांवर गर्दी होते. तेव्हा आम्हाला एका कोपऱ्यावर भागवायला लागतं, आणि खरं सांगतो त्या दिवसातला सराव मला वर्षातला सगळ्यात चांगला वाटतो, जागा कमी म्हणून बॉलला स्पर्श जास्त आणि विचार पण जास्त.

प्रेसिंगचं, म्हणजे समोरच्याच्या अंगावर धावून बॉल हिसकवायचं, वेड हल्ली सगळ्यांना आहे. पेप गार्डिओला कोच होता त्या बार्सिलोनापासून पोरांच्या डोक्यात बसलंय, बॉल गेला की पाच-सहा सेकंदात परत घ्यायचा. बरोबर आहे, पण ते बार्सिलोनाच्या संध्याकाळी. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर, सकाळी आठलाच मैदान तापायला लागतं. पूर्ण वेळ पळत बसलात तर हाफटाइमलाच पोरं आडवी. म्हणून आम्ही कधी पळायचं ते ठरवून घेतलंय. समोरच्याने मागं पास दिला, पळा. लाईनजवळच्या बॅकला, म्हणजे बचाव करणाऱ्याला, बॉल मिळाला आणि त्याचं तोंड त्याच्याच गोलकडं आहे, पळा. त्यांचा थ्रो त्यांच्याच कोपऱ्यात आहे, पळा. आणि आपल्या मैदानाची खास, बॉल टप्पा पडून उडाला आणि समोरच्याची नजर खाली गेली, पळा, कारण त्या क्षणाला त्याला दुसरं काही दिसत नाही. बाकी वेळ जागा धरून उभं राहायचं, श्वास घ्यायचा, मधली जागा बंद ठेवायची. पळायचं असेल तेव्हा सगळ्यांनी एकदम, एकटा पळाला तर नुसता दमतो.

उन्हाचं निघालंच आहे तर अजून एक. २०१४ च्या वर्ल्डकपला ब्राझीलमध्ये फोर्टालेझाला नेदरलँड्स-मेक्सिको मॅचमध्ये ऊन एवढं होतं की पाण्यासाठी मॅच थांबवली होती. नेदरलँड्स एक गोलने मागं. कोच लुई व्हॅन गालने तो पाण्याचा ब्रेक वापरून टीमची मांडणीच बदलली आणि शेवटच्या काही मिनिटात दोन गोल मारून मॅच काढली. मी हे पोरांना सांगतो कारण आपल्याकडं पाण्याचा ब्रेक म्हणजे बाटली डोक्यावर ओतायची आणि दंगा. आता आमच्याकडं पाणी पिता पिता मी काडीने मातीत तीन रेघा मारतो, एकच गोष्ट सांगतो आणि एकाला उलट माझ्यासमोर सांगायला लावतो. एकच. तीन सांगितल्या तर एक पण लक्षात राहत नाही. आणि पाणी मागायला लाज वाटायला नको पोरांना, तहान लागली तरी पळ म्हणजे दम वाढतो असं सांगणारे अजून आहेत, ते धोक्याचं आहे, कृपा करून करू नका.

मैदानावर बोलायचं कसं हा पण टॅक्टिक्सचाच भाग. आमच्या टीममध्ये घरी तेलुगू बोलणारी पोरं आहेत, कन्नड आहेत, उर्दू आहेत, मराठी आहेत, सोलापूर आहे शेवटी. दंगा करताना सगळ्यांचं सगळ्यांना समजतं, पण मॅचमध्ये अर्ध्या सेकंदात समजायला पाहिजे म्हणून तीनच हाका ठरवल्या. "मागं" म्हणजे अंगावर माणूस आहे. "वळ" म्हणजे मोकळा आहेस. "सोड" म्हणजे बॉल माझा. "दे बे, दे बे" असं ओरडायला बंदी, कारण त्यातून बॉल असलेल्या पोराला काहीच कळत नाही, फक्त घाई होते. ही हाक देणारा पोरगा आधी बघतो म्हणून हाक देऊ शकतो, म्हणजे परत मान आलीच.

पालकांना एक विनंती. कोल्हापूरला पेठापेठांच्या तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियम भरून माणसं मॅच बघतात, २०१७ च्या सतरा वर्षाखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. तिथलं पोरगं आज्याच्या शेजारी बसून पूर्ण मॅच बघत मोठं होतं. आपल्याकडं पोरं फुटबॉल बघतात तो रीलमध्ये, फक्त गोल आणि चकवे. गोलच्या आधी वीस सेकंद कोण कुठं सरकला ते त्यात दिसतच नाही. म्हणून रविवारी पोराला एक हाफ तरी सलग बघू द्या, आणि त्याच्या जागेवर खेळणारा एकच खेळाडू बघायला सांगा, बॉल नसताना तो काय करतो. ग्रेस मार्क आणि खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी याबद्दल तुम्ही विचारता त्यात चूक काहीच नाही, मी माहिती देतोच, पण पोरगं खेळायला शिकलं तरच ते पुढचं.

सध्या आमचं घोडं अडलंय ते गोलकिकवर, म्हणजे समोरच्यांनी बॉल आपल्या गोललाईनबाहेर घालवल्यावर आपण मारतो त्या किकवर. २०१९ ला नियम बदलला, आता गोलकिकचा बॉल पेनल्टी एरियाच्या आतच आपल्या माणसाने घेतलेला चालतो, त्यामुळं टीव्हीवर सगळे कीपर शेजारच्या बॅकला देतात आणि आमच्या पोरांना पण तसंच करायचंय. पावसाळ्यात शाळांच्या सुब्रतो कपच्या मॅच येतील, जिल्हा काढला की विभागाला पुण्याच्या टीम, त्या अंगावर येऊन प्रेस करतात. सिनियर पोरं म्हणतात लांबच मारू. मी आत्तापुरतं असं ठरवलंय की कीपरने आधी मोजायचं. त्यांचे दोन पुढं असतील तर आपले तीन मागं, मग छोटा पास. त्यांचे तीन आले तर लांब, पण हवेत कुठंही नाही, राइट मिडफिल्डरच्या बाजूला, आणि तिथं बॉल पडेल त्याच्या आजूबाजूला आपले तिघं आधीच पोचलेले पाहिजेत. आणि छोटा पास द्यायचा तो गोलसमोरून मधे कधीच नाही, कारण कीपर उभे राहून राहून गोलसमोर खड्डा झालाय आणि तिथं बॉल हमखास उडतो, बाजूच्या कडक मातीवरूनच द्यायचा. उद्यापासून यावर कीपर धरून चार विरुद्ध दोन, मग चार विरुद्ध तीन असं चालू करतोय. सोलापुरातले कोणी कोच असतील तर सकाळी सहाला या, आमच्या पोरांविरुद्ध प्रेस करायला तुमची तीन पोरं घेऊन या, आमची रोज एकमेकांविरुद्ध खेळून एकमेकांना पाठ झालीत.